मुकीच्या आवाजाची डिस्क

लहानपणी ती इतकं कमी बोलायची, की घरात तिचं नाव मुकी पडलं आणि ते कायमचं चिकटलं. पण पुढे नाव झालं ते तिच्या आवाजाचंच. शाळेतली ग्रंथपालाची नोकरी सांभाळून ती दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. सोळा वर्षं हे चाललं होतं. सामानाच्या खोलीत तिने भिंतींना जुन्या रजया टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमत नसे. मध्ये एक टेबल, माइक आणि पुस्तक टेकवायला लाकडी घोडी.

हे सगळं तिला शिकवलं होतं दादाने. दादा म्हणजे तिचा मावसभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, नाटकांच्या आणि गाण्यांच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती जुळवण्याचं काम करणारा. पान उलटताना आवाज कसा होऊ द्यायचा नाही, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याने तिच्याशेजारी बसून दाखवलं होतं. यंत्राच्या बाबतीत तो म्हणेल ती पूर्व दिशा.

कॉम्प्युटरही त्यानेच सुचवलेला. तळहातावर मावेल एवढी चौकोनी डबी. दिसायला देखणी, पण पोर्ट मोजून तीन आणि आतली जागा बेताची. माइक, कीबोर्ड आणि माउस लावले, की डिस्क जोडायला भोकच उरत नसे. मग मुकी कीबोर्ड काढायची, डिस्क लावायची, पुस्तक उतरवायची, पुन्हा कीबोर्ड लावायची. जुन्या डिस्का चार झाल्या होत्या आणि कुठलं पुस्तक कुठल्या डिस्कवर, हे तिलाच उमजेनासं झालं होतं.

शेवटी पंधरा दिवस माहिती वाचून तिने एक डॉक मागवला. कॉम्प्युटरच्याच मापाची चपटी पेटी, त्याच्याखाली सरकवून ठेवायची. तिला पुढे-मागे मिळून सात पोर्ट आणि पोटात डिस्क बसवायला खाच. बोटभर लांबीची मोठ्या क्षमतेची नवी डिस्कही तिने मागवली. बारीक स्क्रूंशी तिचं कधी जमलं नव्हतं, म्हणून दोन्ही खोकी न फोडता दादाकडे नेली.

“ठेवून जा,” दादा म्हणाला. “उद्या तयार मिळेल.”

दुसऱ्या दिवशी खरंच सगळं तयार होतं. तिने सहा दिवस खपून चारही डिस्कांवरचं सगळं नव्या पेटीत उतरवलं. मग दादाच म्हणाला, की आता त्या जुन्या डिस्का सांभाळून गोंधळच होईल, मी पुसून माझ्या कामाला घेतो. तिने पिशवीत घालून दिल्या. मनात शंकेला जागाच नव्हती.

चार महिन्यांनी ती शरीरशास्त्राचं पुस्तक संपवत आणत होती. मसाज आणि व्यायामोपचार शिकणाऱ्या एका दृष्टिहीन मुलीला ते परीक्षेसाठी हवं होतं आणि मुकीने दोन वर्षं त्यावर घालवली होती. एका दुपारी मागचं एक प्रकरण ऐकायला गेली, तर ते उघडेना. दुसरं उघडलं, पण अर्ध्यात अडकलं. संध्याकाळपर्यंत पेटीतली डिस्क पडद्यावर दिसायचीच बंद झाली.

दादा गावाला गेला होता. म्हणून ती बाजारातल्या दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेली. डिस्कला पाच वर्षांची हमी होती आणि खोकं तिने जपून ठेवलं होतं. बाईंनी पेटी उघडली, डिस्कवरचा क्रमांक वाचला, खोक्यावरचा वाचला आणि म्हणाल्या, “ही या खोक्यातली नाही.”

मुकीला वाटलं, खोकंच चुकीचं आणलं. पण तिच्या घरात दुसरं खोकं नव्हतंच. बाईंनी डिस्क आपल्या यंत्राला लावली. बऱ्याच खटपटीनंतर ती थोडा वेळ जागी झाली, तेव्हा त्यांनी पडद्यावरचा आकडा दाखवला. डिस्क एकवीस हजार तास चाललेली होती. चार महिने रात्रंदिवस चालू ठेवली तरी तीन हजार होत नाहीत. आतलं काही उतरवून घेण्याआधीच ती पुन्हा बंद पडली, ती कायमची.

“कोणीतरी वापरून झिजवलेली दिली तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

मुकी तिथल्या स्टुलावर बसून राहिली. खोकं उघडणारा हात एकच होता, आणि तरीही ती मनातल्या मनात दुसरा कोणी शोधत होती.

दादा परतला, तशी ती खोकं घेऊन त्याच्या कामाच्या खोलीवर गेली. तिने आवाज चढवला नाही. क्रमांक वाचून दाखवला आणि विचारलं, की ही कुठे आहे. त्याने नाकारलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. आपल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून तो म्हणाला, “माझं काम चित्रांचं, मला वेगवान डिस्क लागते. तुझा नुसता आवाज असतो गं. त्याला कसलीही पुरते.”

“मागितली असतीस तर दिली असती.”

“तेच तर. मग काय बिघडलं?”

सोळा वर्षं हा माणूस आपलं काम ऐकत होता, नावाजत होता, आणि त्याच्या लेखी तो नुसता आवाज होता. तिने जुन्या चार डिस्का मागितल्या. त्यांवर केव्हाच चित्रफिती चढल्या होत्या.

पुरी झालेली पुस्तकं श्रोत्यांकडून गोळा होत गेली, बरीचशी मिळाली. अर्धवट राहिलेली सहा मात्र कोणाकडेच नव्हती. शरीरशास्त्र त्यातलंच. त्या मुलीला फोन करणं सगळ्यांत अवघड गेलं. मुलीने रागावून नव्हे, साधेपणाने विचारलं, की चूक कोणाची झाली. “माझीच,” मुकी म्हणाली. “मी तपासून घेतलं नाही.” मुलीने मैत्रिणींकडून वाचून घेऊन परीक्षा दिली.

पुन्हा एक नवी डिस्क विकत घेऊन ती मुकीने स्वतः बसवली. चार स्क्रू होते. एक टेबलाखाली घरंगळला, तो शोधायलाच अर्धा तास गेला. दुसऱ्या पोर्टला तिने आणखी एक डिस्क लावली, प्रत्येक प्रकरणाची नक्कल ठेवायला.

मावशीचा फोन आला, एवढ्याशा वस्तूवरून भावाशी बोलणं सोडतेस का म्हणून. मुकीने सगळं ऐकून घेतलं. समजावून सांगावं असं तिला वाटलं, पण मावशीच्या लेखीही प्रश्न एका वस्तूचाच होता. तिने तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला, रजयांच्या खोलीत गेली आणि शरीरशास्त्राचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. पुढच्या वर्षी परीक्षेला आणखी दोघी बसणार होत्या.