राणी माझ्यासमोरून निघून गेली

मंडळी, मी अजून स्वप्नातच आहे.

सिंदी मेघे गावातल्या घरी वर्षभर वाढवलेली, शिकवलेली माझी राणी कुत्री आज अल्लीपूरच्या वंदनाताईंना सोपवायची होती. ताईंना दिसत नाही.

शेवटची परीक्षा अशी की राणी ताईंना घेऊन चालणार, वाटेत मी उभी असणार आणि राणीने थांबायचं नाही. मीही हाक मारायची नाही.

धुक्यातून दोघी तरंगत आल्या. सवयीने माझ्या खिशात भाकरीचा तुकडा होता. राणीचं नाक हललं, कान वळला. ताई हसून म्हणाल्या, "राणी, कोनी हाये काय वं इथं?"

मी खिशावर हात दाबून धरला.

राणी ताईंना खड्ड्याच्या कडेने वळवून पुढे गेली.

तुकडा अजून खिशातच आहे. तुम्ही कोणाला असं आपल्यासमोरून निघून जायला शिकवलंय का?