कॉम्प्युटरच्या परीक्षेत लिहिलेलं 'श्री'

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. त्या सोमवारी एस.टी. स्टँडच्या मागं, एका कॉम्प्युटर क्लासच्या दाराशी आम्ही दहा-बारा पोरं-पोरी चपला काढून उभे होतो... आत धूळ जायला नको म्हणून. देवळात आणि कॉम्प्युटर रूममध्ये तेव्हा सारखाच नियम होता.

नांदेडच्या एका कॉलेजातून मॅडम आल्या होत्या. त्यांच्यासमोर सी या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवायचा. ज्याचा चालेल, त्याला तिथल्या कॉम्प्युटर कोर्सला प्रवेश.

माझी बी.एस्सी. झाली होती आणि हा एकच चान्स होता. साखऱ्याहून, माझ्या गावाहून, निघताना अण्णा, म्हणजे माझे वडील, साफ बोलले होते, "एक डाव जाऊन ये. जमलं तर जमलं, न्हाई तर गपगुमान डी.एड. कर अन् मास्तर हो. त्या टीव्हीसारख्या डब्यात काय हाय, मला तर काय कळंना."

मला मात्र कळत होतं. गावात कॉम्प्युटर नव्हताच, म्हणून मी प्रोग्रॅम वहीत लिहायचो आणि स्वतःच कॉम्प्युटर होऊन एकेक ओळ चालवून बघायचो. उत्तर बरोबर यायचं. त्यामुळं भीती अशी वाटत नव्हती.

याच क्लासमध्ये मी शिकायला यायचो, तेव्हा एका कॉम्प्युटरवर दोघं बसायचो. माझा जोडीदार सुभाष, शेजारच्या तांड्यावरचा. त्याची बोटं पळायची, म्हणून मी सांगायचो आणि तो टाईप करायचा. त्या दिवशी मात्र पाच-पाच जणांना आत घेतलं आणि प्रत्येकाला वेगळा कॉम्प्युटर दिला.

प्रोग्रॅम सोपा होता. दिलेला आकडा उलटा करून दाखवायचा. मी एका बोटानं सुरुवात केली. सुभाष शेजारून कुजबुजला, "हळू बडव की बे, हलगी हाय का ती?"

लिहून झालं. मनात देवाचं नाव घेतलं, कंपाईल केलं, म्हणजे प्रोग्रॅम मशीनला वाचायला दिला... आणि एरर!

त्यातून एरर दाखवत होता ती फाईल माझी नव्हतीच. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी तयार फाईल जोडतात, तिच्यात चूक आहे म्हणे. मला वाटलं, कॉम्प्युटरच बिघडला. सगळे सेमीकोलन बघितले, कंस बघितले. परत कंपाईल, परत तेच.

सुभाषचा प्रोग्रॅम चालला. तो उठला आणि डोळ्यांनीच 'काय झालं?' विचारत बाहेर गेला. मला समोर डी.एड.चं कॉलेज दिसायला लागलं...

तेवढ्यात मॅडम मागून आल्या. स्क्रीनकडं वाकून म्हणाल्या, "हे वर काय आहे? तुझं नाव अर्धंच राहिलं का रे?"

सगळ्यात वरच्या ओळीवर मी इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहिलं होतं.

लिहिलं म्हणजे, लिहिलं गेलं होतं. आमच्या शाळेत पाटीवर आधी श्री काढल्याशिवाय गुरुजी पुढचं अक्षर काढू द्यायचे नाहीत. पेपर असो, पत्र असो, हात आधी तिकडंच जायचा. माझ्या वहीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमवर श्री होतं, आणि वहीनं कधी एरर दिला नव्हता! क्लासमध्ये टाईप सुभाष करायचा, म्हणून तिथंही हे कधी कळलं नव्हतं.

"नाव नाही मॅडम... देवाचं आहे."

"असं होय? देवाला सी येतं का?"

आख्खी खोली हसली. मॅडमही हसल्या आणि पुढच्या कॉम्प्युटरकडं गेल्या.

माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपायलर, म्हणजे मशीनमधला प्रोग्रॅम वाचणारा, बिचारा वरून वाचत येत होता. 'श्री' हा त्याला काहीतरी हुकूम वाटत होता, आणि तो त्याचा अर्थ पुढच्या फाईलमध्ये शोधत होता.

ती ओळ पुसली की काम झालं. बोट बटणावर गेलं... आणि थांबलं. आपल्या गरजेच्या वेळी, आपल्याच हातानं ते पुसायचं, जिवावर आलं. वेळ तर संपत आली होती.

मग क्लासच्या सरांनी शिकवलेलं आठवलं. माणसांसाठी काही टीप लिहायची असेल तर ती तिरकी रेघ आणि चांदणी या खुणांच्या मधे ठेवायची. तिला कॉमेंट म्हणतात. कंपायलर तिच्यावर पाय न देता पुढं जातो. मी 'श्री'च्या दोन्ही बाजूंना त्या खुणा केल्या आणि कंपाईल केलं...

१२३४ चे ४३२१ होऊन समोर आले.

मॅडमनी बघितलं. म्हणाल्या, "पुसून टाकलं असतंस तरी चाललं असतं की."

"प्रोग्रॅम चालला असता, मॅडम. मला नसतं चाललं."

 त्यांनी माझं नाव विचारलं आणि म्हणाल्या, "ये नांदेडला."

घरी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हंजे त्या डब्याला देवाचं नाव वाचताच येत न्हाई?"

"नाही येत. पण तो पुसत बी नाही. राहतं तिथंच."

"मंग जा खुशाल. देवाचं नाव काय डब्यानं वाचावं म्हणून लिहितेत व्हय?"

गेलो, शिकलो, आणि तेव्हापासून याच कामावर घर चाललंय. मला प्रोग्रॅमिंग खरं त्या खोलीत समजलं. आपल्या मनात काय आहे ते मशीनला कळत नसतं, त्याला काय कळतं ते ओळखून लिहावं लागतं... आणि तरीही आपलं असं काही जपायला त्यात जागा असते. ती जागा शिकवून ठेवणाऱ्या सरांचे, आणि उत्तर न सांगता हसून पुढं गेलेल्या त्या मॅडमचे, माझ्यावर फार उपकार आहेत.