घासाघीस करून मिळवलेला प्रवेश

माझ्या बायकोने माझ्यासाठी कॉलेजात घासाघीस केली, म्हणून मी आज पंचेचाळिसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे.

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या गोदामात मी सुपरवायझर. तिथे मॅनेजरची जागा निघाली आणि साहेब म्हणाले, "डिग्री नाही तर नाही, पण सोमवारी प्रवेशाची पावती तरी दाखवा, तुमचं नाव वर पाठवतो." ती जागा मला अगदी मनापासून हवी होती. (माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला 'काका, काका' करत माझ्याच डोक्यावरून वर सरकत होती!) मग मी घाईघाईत एक चूक केली. ही गोष्ट घरी कुसुमला सांगितली.

कुसुमचं माहेर उमरेडचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे आणि स्वतःच विकायचे. गिऱ्हाईक रुसून उठलं की त्याला दारापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग मागून हाक मारायची, हे तिने लहानपणी गादीवर बसून पाहिलेलं. तेव्हापासून तिची श्रद्धा एकच : उठून चालू लागलं की हाक येतेच. आणि इतवारीतल्या कापडबाजारात ती येतेही, मी साक्षीदार आहे!

शनिवारी सकाळी ती घरातल्या सगळ्या कागदांची जाडजूड फाइल घेऊन स्कूटरवर मागे बसली. प्रतापनगरहून निघालो. पहिल्या कॉलेजात फी कमी होती, पण मी तरुणपणी केलेली दोन वर्षं ते मोजायलाच तयार नव्हते. दुसरं कॉलेज जुने क्रेडिट धरत होतं, पण प्रत्येक क्रेडिटमागे वेगळे पैसे.

"क्रेडिट म्हणजे का जी?" कुसुमने विचारलं.

"आधी पास झालेले विषय जमा धरतात. तेवढे परत द्यावे लागत नाहीत."

"हां! म्हणजे जुना मिक्सर द्याचा अन् नव्यात सूट घ्याची. असं सांगा न!"

तिसऱ्या कॉलेजात खिडकीशी एक भला बाबू होता. फी मधली. त्याने माझी गुणपत्रिका वरवर पाहिली आणि म्हणाला, "पहिलं वर्ष धरून देतो, भाऊ. थेट दुसऱ्या वर्षाले बसा."

मी आनंदाने पेन काढलं. कुसुमने ते काढून घेतलं.

"दोन्ही वर्षं धरा. अन् फी त्या पहिल्या कॉलेजाएवढी लावा."

"ताई, तसं नाही होत."

"काहून नाही होत? तिकडं तर स्वस्तात देऊन राहिले!"

"मग तिकडंच घ्या न, ताई."

"चला जी!" कुसुम उठली.

"अवं, आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे!" मी कुजबुजलो.

"मागं पाहू नका. हळू चाला."

आम्ही हळू चाललो. इतके हळू, की व्हरांड्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आमच्या पुढे निघून गेले. हाक आली नाही. गेटापाशी थांबून कुसुमने स्कूटरचा आरसा पुसला. हाक नाही. मग तिने ठेवणीतला डाव काढला. "जा, हेल्मेट राहिलं म्हणून परत जा. मुद्दामच ठेवून आली मी तिथं."

मी गेलो. खिडकीशी रेंगाळलो. बाबू माझ्याकडे पाहून हसला. मी आशेने पुढे वाकलो. तो म्हणाला, "हेल्मेट घ्या, भाऊ." आणि जेवायला निघून गेला.

जेवणाच्या सुट्टीनंतर आम्ही मुकाट्याने परत खिडकीशी गेलो, तर तिथे तो नव्हताच. होत्या ऑफिसच्या हेडबाई, आणि त्या गुणपत्रिका भिंगातून पाहावी तशी पाहत होत्या. "पहिल्या वर्षात तुमचे दोन विषय राहिले आहेत. वर्षच पूर्ण नाही. क्रेडिट शून्य. पहिल्यापासून सुरू करा."

"मॅडम, ते बाबू सकाळी दुसरं वर्ष देत होते..."

"मग सकाळी काहून नाही घेतलं?"

मी कुसुमकडे पाहिलं. कुसुम पंख्याकडे पाहत होती.

तेवढ्यात हेडबाईंच्या हाती फाइलमधला दुसराच कागद लागला. "ही कोणाची? दोन्ही वर्षं फर्स्ट क्लास!"

"माझी हाये," कुसुम एकदम हळू आवाजात म्हणाली. "लग्न ठरलं, मग तिसरं वर्ष राहूनच गेलं."

एवढी वर्षं तो कागद माझ्याच घरात होता आणि मी तिला कधी साधं विचारलंही नव्हतं. मला खरोखर लाज वाटली.

"तुमचे सगळे क्रेडिट धरता येतील," हेडबाई म्हणाल्या. "थेट शेवटचं वर्ष. फीसुद्धा एकाच वर्षाची."

"हिचाही फॉर्म द्या," मी म्हणालो.

कुसुमने डोळे पुसले आणि लगेच सावरली. "दोघांचे घेऊन राहिलो, मॅडम. आता तरी कमी करा!"

कमी झालं नाही. पण सोमवारी साहेबांना पावती दाखवली आणि माझं नाव वर गेलं.

आता रोज संध्याकाळी ती माझा अभ्यास घेते. परवा तिसऱ्यांदा तेच उत्तर चुकलं, तशी ती म्हणाली, "म्हणूनच दोन विषय राहिले होते!" मी पुस्तक आपटून उठलो. "नाही करत मी बी.ए.!" आणि दाराकडे निघालो. हळूहळू. चपला शोधल्या. सापडल्या होत्या तरी पुन्हा शोधल्या.

आणि हाक आली!

"अहो, हेल्मेट राहिलं!"