नवरीच्या मागची जागा

सौंसरमध्ये माझ्यापेक्षा मोठे कॅमेरे असलेले फोटोग्राफर पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे ड्रोन आहेत, क्रेन आहेत आणि नवरदेवाला शेतातून पळायला लावायची हौस आहे. मी तसली लग्नं घेत नाही. माझी लग्नं पाच-सात माणसांची. कोर्टात सह्या, मग जामसांवलीला हनुमानाचं दर्शन, तिथेच जवळच्या एखाद्या खोलीत अंतरपाट नि मंगलाष्टकं, आणि दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या वाटेला. देव स्वतः ब्रह्मचारी, त्यामुळे कुणाच्या सोयरिकीत लुडबुड करत नाही. घरच्यांना नको असलेल्या जोडप्यांना असा देव बरा पडतो.

लहान लग्न सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा काढून दाखवावं. हजार माणसांत एक फोटो चुकला तर कुणाला पत्ता लागत नाही. इथे एक चुकला की लग्नच चुकलं. खोलीत उजेड नव्हता, भिंत हिरवी होती, या सबबी मी ऐकूनच घेत नाही. नाचता येईना अंगण वाकडं. अंतरपाट खाली येतो तो क्षण मी आजवर सोडलेला नाही, हे छाती ठोकून सांगतो.

ज्या लग्नाची ही गोष्ट, त्यातली मुलगी रामाकोन्याची. बाप लहानपणीच गेला, तेव्हा मामानं तिला आणि तिच्या आईला आपल्या घरी आणलं. संत्र्याच्या बागेच्या उत्पन्नावर तिला शिकवलं, शाळेत मास्तरीण केलं. मुलगा पांढुर्ण्याचा, घरचं कापडाचं दुकान, पण जात वेगळी. तिनं चोरून काही केलं नाही. मामाला समोर बसवून सांगितलं. मामा म्हणाला, "कर तुले करायचं ते. मी काही उभा राहणार नाही." आईलाही त्यानं येऊ दिलं नाही.

हे बोलणं तिला का लागलं, ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा राहतो. ती जागा त्याची.

लग्नाच्या दिवशी भटजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच म्हटलं, "भाऊ, तुम्हीच उभे राहा नं मागं. थोड्या वेळाचं तर काम आहे." मी कॅमेरा नवरदेवाच्या मित्राच्या हातात देणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "नका जी भाऊ. ती जागा मामाची आहे. राहू द्या मोकळी."

"मोकळी काहून ठेवता बाई? चांगलं दिसत नाही," भटजी म्हणाले. ती ऐकेना. एरवी मी अशा वेळी दोघांच्या अगदी जवळ जातो. त्या दिवशी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो आणि ती जागा पूर्णच्या पूर्ण फोटोत घेतली. अंतरपाट खाली आला, नवरदेव हसला, ती हसली आणि तिच्या मागे नुसती भिंत. फोटो उत्तम आला होता. मला तो बघवेना.

पुढे संत्र्याचा तोडा संपल्यावर एका दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस दुकानात आला. "रामाकोन्याच्या पोरीचे फोटो तुम्हीच काढले नं? मी तिचा मामा."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं बरोबर त्या भिंतीवर बोट ठेवलं. "इथं कोण उभं होतं?"

"कोणी नाही. तिनं कोणाले उभंच राहू दिलं नाही."

मग त्यानं मोबाइल काढला. त्यात कुणाच्या तरी लग्नात फेटा बांधून उभा असलेला त्याचा फोटो होता. "हा घ्या. मले तिथं जोडून द्या. कॉम्प्युटरवर होते नं?"

होते की! या कामात माझा हात कुणी धरणार नाही. वारलेले आजोबा मी नातवाच्या वरातीत उभे केले आहेत, सावलीसकट. पण त्या दुपारी माझं डोकं फिरलं.

"मामाजी, गेलेल्या माणसाले जोडतो मी. तुम्ही तर धडधाकट माझ्यासमोर बसून राहिले."

"फोटोवाले आहा, फोटो काढा. मले अक्कल काहून शिकवून राहिले?"

"फोटोवाला आहो म्हणूनच सांगून राहिलो. ती रोज तो फोटो पाहीन, अन् रोज तिले आठवन की तुम्ही आले नव्हते."

तो ताडकन उठून बाहेर गेला. गेलं गिऱ्हाईक तर गेलं, मी म्हटलं. पण तो कुठे गेला नव्हता. रस्त्यावर स्वतःच्या मोटरसायकलीवर हात ठेवून नुसता उभा होता. थोड्या वेळानं दारात आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचं घर मले माहीत नाही."

मी शटर ओढलं, कॅमेरा गळ्यात घातला आणि त्याच्या मागे बसलो. पांढुर्ण्यात शिरल्यावर तिच्या घराची वाट मी दाखवली.

दार तिनंच उघडलं. हात पिठानं माखलेले. आतून नवरा येऊन तिच्या मागे थांबला. ती मामाकडे बघत राहिली, या म्हणेना की जा म्हणेना. आता ही दार लावून घेते की काय, असं मला वाटलं. आपणच ओढून आणलं होतं ना त्याला. मामा पार गडबडून गेला. काहीच सुचेना तेव्हा माझ्याकडे वळला आणि दुकानात आलेली माणसं विचारतात तसं त्यानं विचारलं, "कुठं उभा राहू?"

मी काही सांगायच्या आत ती वळली, पिठाच्या हातांनीच पदर डोक्यावर घेतला आणि नवऱ्यासमोर, मामाकडे पाठ करून उभी राहिली.