फेस न धरणारं पाणी

लग्न होऊन पुण्याला निघाले तेव्हा आमच्या मेडशी गावच्या थांब्यावर एसटी उभी होती आणि आई माझ्या पिशवीत घरच्या साबणाच्या वड्या कोंबत होती. तळणाच्या उरलेल्या तेलात कॉस्टिक सोडा घालून ती तो साबण करायची. त्याला फेस म्हणून यायचा नाही. "फेस नाही येत त्याले, पण मळ निंगते. घेऊन जाय," ती म्हणाली. नवऱ्यासमोर मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुण्यात सोसायटीच्या नळाखाली तीच वडी फेसाळली! मग मला नादच लागला. खोबरेल, वर थोडं एरंडेल, कॉस्टिकच्या पाण्यात चमचाभर साखर. फेस दाट व्हावा म्हणून बाल्कनीत काय काय केलं. शेजारणी वड्या मागून न्यायला लागल्या. सगळ्यांत चांगल्या मी आईसाठी ठेवायचे. तिनं एकदा तरी भरपूर फेसानं अंग धुवावं, एवढीच हौस होती.

यंदा दिवाळीला त्या घेऊन गेले. अभ्यंगाला आईची पाठ चोळायला मीच बसले. चोळचोळ चोळलं, पण फेसाऐवजी दह्यासारखा चोथा पाठीवर बसला.

"राहू दे माय, प्रवासानं दमली असशील," आई म्हणाली, आणि घरात हाक दिली, "नंदा, तुह्या हातची वडी आण वं!"

नंदा म्हणजे माझी वहिनी. मी गेल्यावर या घरात आली. तिनं दोनदा हात फिरवला आणि पाठ फेसानं पांढरी झाली.

"ताई, आपल्या बोअरचं पाणी लय जड हाय. पुण्याचा साबण इथं नाही चालत," ती हसत म्हणाली. "मी साबण करतानाच लिंबू पिळतो त्याच्यात, म्हणून फेस धरते."

खरं सांगते, मी जळले. साबणावरून नाही. आईचा कोणता खांदा दुखतो हे वहिनीला माहीत होतं, तिथं तिचा हात आपोआप हलका झाला. मला माहीत नव्हतं. आई वहिनीला कामं सांगते आणि माझी विचारपूस करते, पाहुण्यांची करतात तशी.

निघताना वहिनीनं तिच्या वड्या बांधून दिल्या. त्या घेतल्या आणि मी बोअरखाली पाच लिटरचा कॅन भरला.

"पाणी कायले घेऊन राह्यली? पुण्याले पाणी नाही का?" थांब्यावर आई विचारत होती. कंडक्टरही हसला.

माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या बायांनो, तुम्ही माहेराहून लोणचं-पापड आणता, मी पाणी आणलं. कॅन ओट्याखाली आहे. नव्या वडीचा तुकडा काढला की वाटीभर मेडशीच्या पाण्यात घासून पाहते. लिंबूही पिळून झालं. अजून वहिनीचाच सरस आहे. तिच्या वड्या मी पायपुसणी धुवायला काढल्यात, हे तिला कोणी कळवू नका.

नळाखाली काय, कुठलाही साबण फेसाळतो. त्याचं आता मला कौतुक नाही. माझा साबण अजून जिथं फेस धरत नाही, तेच माझं घर आहे. कॅन तळाला आलाय. तो संपला की मी जाणार आहे, आणि या वेळी वहिनीला हाक जायच्या आत आईची पाठ फेसानं झाकणार आहे.