काचेतलं जेवण

नवऱ्यानं मागे शेगडीपाशी रांधायचं आणि त्याच्या बायकोनं पुढे पंख्याखाली परक्या माणसासमोर बसून खायचं. तेही रस्त्यावरच्या काचेत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. असली नोकरी जगात असते असं वाफ्याला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्यानं सांगणाऱ्याच्या डोक्यावर गार पाणी ओतलं असतं. पण नोकरी होती, आणि तिला हो म्हणणारा वाफ्याच होता. तेच त्याला जास्त खुपत होतं.

वाफ्या हे नाव त्याला हॉटेलातच पडलं. स्वयंपाकघराचं दार ढकलून तो मागच्या बोळात आला की हिवाळ्यात त्याच्या अंगातून वाफा निघायच्या. भांडी घासायला लागला होता, मग कांदा चिरायला, मग एक दिवस आचारी पळाला आणि शेगडी याच्या गळ्यात पडली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चटक्यांची नक्षी. माणूस तोंडाचा फाटका, पण हाताचा पक्का. मीठ कधी चाखून बघत नाही, आणि कधी चुकलाय असं कुणी म्हणणार नाही. म्हटलंच तर ते खोटं असणार.

त्या उन्हाळ्यात शहराचा नुसता तवा झाला होता. डांबराला चप्पल चिकटायची. दुपारी हॉटेल ओस, वेटर टेबलावर डोकं टाकून घोरायचा. लोक काचेपर्यंत यायचे, आत बघायचे, रिकाम्या खुर्च्या दिसल्या की पुढे जायचे. मालकीणबाई गल्ल्यावर बसून हे बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "माणसाला माणूस बघून भूक लागते. काचेच्या टेबलावर दोन बरी माणसं बसवू."

पहिलं बरं माणूस समोरच्या चष्म्याच्या दुकानातून आलं. दुपारी तिथेही गिऱ्हाईक नसायचं. फिका सुती कोट, कडक कॉलर, वरच्या खिशात घडीचा रुमाल. एवढ्या उन्हात या माणसाला घाम येत नव्हता. हॉटेलात सगळे त्याला रुमालराव म्हणायला लागले. समोरच्या खुर्चीसाठी बाई पाहिजे होती. वाफ्याचा उसवलेला एप्रन शिवून द्यायला त्याची बायको आली, आणि मालकीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

बघण्यासारखी होतीच. ती एका शिवणकामाच्या दुकानात कपड्यांना काठ मारायची, बटणं लावायची. त्या दुकानाला पत्र्याचं छप्पर, म्हणून उन्हाळ्यात दुपारी बंद. घरात कपडे मोजकेच, पण ती ते असे उसवून-जोडून घालायची की दर आठवड्याला नवीन वाटावेत. त्या दिवशी तिनं जुन्या पडद्याचा झगा घातला होता, काकडीच्या गरासारख्या रंगाचा, सैल, मानेपाशी मोकळा. केस वर बांधलेले. बघितलं तरी गार वाटावं.

"बसशील?" मालकीणबाईंनी विचारलं. "हळूहळू खायचं, रस्त्याकडे बघायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. मधूनमधून हसायचं. जेवण माझं."

तिनं वाफ्याकडे बघितलं. आणि आपला वाफ्या छाती फुगवून म्हणाला, "बसू दे की. माझ्या हातचं गरम गरम खाईल, पंख्याखाली. घरी कुठे पंखा आहे?"

सुरुवातीला त्याला खरंच अभिमान वाटला. काकडीचं गार सूप, लिंबू पिळलेला मासा, खरबुजाच्या थंड फोडी, सगळं तो तिच्या ताटात नीट मांडून पाठवायचा. लोक काचेपाशी थांबायचे, घुटमळायचे, आत यायचे. वेटरची झोप गेली. मालकीणबाई गुणगुणायला लागल्या.

मग वाफ्यानं खिडकीतून बघायला सुरुवात केली, आणि सगळं नासलं.

स्वयंपाकघरातून ताटं पुढे सरकवायला भिंतीत एक छोटी खिडकी होती. तिच्यातून काचेच्या टेबलाचा एक पट्टा दिसायचा. रुमालरावांची पाठ, आणि त्या पाठीच्या वर बायकोचा चेहरा. ती हसत होती. हसायचं कामच होतं तिचं, हे वाफ्याला कळत होतं. पण हे हसू डोळ्यांपर्यंत जात होतं. घरी असं कधी हसली होती? त्याला आठवेना. तिथे ती गार, तो गार, मध्ये पाण्याचा घामेजलेला जग. इथे याचा बनियन पाठीला चिकटलेला आणि डोक्याला कांद्याचा वास.

वेटरला असल्या वेळी तोंड आवरत नसे. "आज रुमालरावांनी खरबुजाची पहिली फोड तिला दिली हां."

"देऊ दे."

"काट्यानं नाही, ताटलीच पुढे केली. रीत आहे माणसाला."

"तू ताट उचल."

"वहिनी म्हणतो म्हणा तो तिला. तेवढं बरंय."

"वहिनी म्हणणाऱ्यांचीच जास्त भीती असते," वाफ्या म्हणाला आणि सुरी अशी आपटली की अर्धा कांदा जमिनीवर गेला.

घरी तर आणखीच. पूर्वी संध्याकाळी तो यायचा तेव्हा ती त्याच्यासाठी ताट वाढून ठेवायची. आता म्हणायची, "माझं पोट भरलंय, तू खा." तो शेगडीपाशी उभ्या उभ्या भांड्यातूनच खायचा. आचाऱ्याची खोड ती. आणि ती पलंगावर बसून सांगायची, रुमालराव माशाचे काटे कसे ताटाच्या कडेला ओळीनं लावतात, रुमालराव म्हणतात उन्हात काळं घालू नये, रुमालरावांच्या बहिणीला पण शिवणाची आवड. वाफ्या भांडं खरवडत राहायचा. जळफळाट म्हणजे काय ते त्याला शेगडीनं शिकवलं नाही, ते रुमालरावांनी शिकवलं.

मग तो दिवस उजाडला. सकाळी ती तयार झाली तेव्हा तिच्या झग्याला नवी कॉलर होती. पांढरी, गोल, कडेला बारीक टीप. ही शिवताना वाफ्यानं बघितली नव्हती.

"ही कधी केली?"

"काल. तू झोपल्यावर."

"कुणासाठी?"

"काचेसाठी," ती म्हणाली आणि पिन दातात धरून केस बांधायला लागली.

काच काय, काचेत कोण बसलंय ते बोल की. पण वाफ्या हे मनात म्हणाला. मोठ्यानं म्हणायची हिंमत झाली नाही, कारण तिनं खरं उत्तर दिलं असतं तर?

दुपारी दोन माशांची ताटं लागली. एक तिचं, एक त्यांचं. वाफ्यानं मिठाच्या भांड्यात हात घातला. एक मूठ रुमालरावांच्या माशावर गेली. मग कॉलर आठवली आणि दुसरी गेली. वरून लिंबू, लोणी, पुदिना. ताट दिसायला असं झालं की फोटो काढावा. "काचेवाल्याचं हे," त्यानं वेटरला बजावलं. "बदलू नको."

आणि खिडकीला डोळा लावला. आता थुंकेल. आता तोंड वाकडं करेल. आता त्याचा तो रुमाल बाहेर येईल.

रुमालरावांनी पहिला घास तोंडात घातला. पाठ क्षणभर ताठ झाली. मग ते चावायला लागले. हळूहळू, जसं काही तोंडात लोणी विरघळतंय. तोंड वाकडं करायचं नाही, असं ठरलं होतं ना, मग नाही केलं. पाण्याचा पेला उचलला, मान मागे टाकून प्यायले, परत एक घास, परत पाणी. बाहेर रणरणत्या उन्हात लोक थबकले. एवढ्या मायेनं मासा खाणारा आणि एवढ्या सुखानं पाणी पिणारा माणूस त्यांनी जन्मात बघितला नसेल. दार उघडलं, एक जोडपं आलं. मागून तिघं आले. मग एक अख्खं ऑफिस.

"त्यांना जे दिलंय तेच आम्हाला," सगळ्यांचं एकच म्हणणं.

वेटर खिडकीत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिवाळखोराला घबाड सापडल्यासारखा भाव होता. "मासा. सगळ्यांना मासा. काय घातलंस रे आज त्यात?"

वाफ्याच्या हाताला उसंत राहिली नाही. तवा भरतोय, मासा उलटतोय, लिंबू पिळतोय, आणि मान वळवून खिडकीतून बघतोय. आणि तेवढ्यात त्यानं ते बघितलं.

बायकोनं हात पुढे केला, रुमालरावांच्या समोरचं ताट ओढून घेतलं आणि स्वतःचं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांचा अर्धा खाल्लेला मासा. काट्यानं तुकडा तोडला आणि खाल्ला. त्यांचं उष्टं. भर काचेत, रस्त्याच्या डोळ्यांदेखत. खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी ती हसत होती.

वाफ्यानं तवा विस्तवावर तसाच सोडला. आचाऱ्यानं पुढे यायचं नाही, हा त्या हॉटेलचा पहिला नियम. तो दार ढकलून आला तसाच, एप्रनसकट, घामानं निथळत, हातात कालथा. गिऱ्हाइकांचे काटे हवेत थांबले. मालकीणबाई गल्ल्यावरून अर्ध्या उठल्या.

तो टेबलापाशी पोचला. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "हसत बोल. काच आहे."

"त्यांचं ताट का घेतलंस?" वाफ्या दात दाखवत म्हणाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, आचारी विचारपूस करतोय.

"कारण ते तू बिघडवलंयस." तीही हसत होती. "एका घासात कळलं त्यांना. तुझ्याकडून मीठ चुकत नाही. चुकलंय म्हणजे टाकलंयस."

"त्यांनी परत पाठवायचं होतं."

"मग बाईंनी चाखलं असतं, आणि तू आत्ता रस्त्यावर उभा असतास. हा कालथा घेऊन."

रुमालराव समोरच्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "मी संपवत होतो, दादा. वहिनींनी ऐकलं नाही. मला ब्लडप्रेशर आहे, मीठ कमी खायला सांगितलंय."

दोन मुठी. माणूस आडवा झाला असता. एवढं कळलं, आणि तरी त्याच्या तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुला कसं माहीत त्यांना ब्लडप्रेशर आहे?"

ती हसायची थांबली. काच असूनसुद्धा. "रोज जेवायच्या आधी गोळी घेतात. समोर बसलं की दिसतं. तू कधी बसलायस समोर? लग्न झाल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवतेय आणि तू शेगडीकडे. तुझी दाढ दुखते हे मला तुझ्या बहिणीनं सांगितलं, माहितेय?"

वाफ्याची जीभ दाढेवर गेली. दाढ खरंच दुखत होती.

मालकीणबाई येऊन पोचल्या होत्या. सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात गोड हसून म्हणाल्या, "काय झालं?" आणि त्यांचे डोळे काही हसत नव्हते.

"काही नाही बाई," बायको म्हणाली. "यांना बघायचं होतं, मासा कसा झालाय ते. सगळे तोच मागतायत म्हणून." आणि ताट स्वतःपुढून जराही हलू दिलं नाही.

"मग विचारून झालं असेल तर तव्यावरचा जळतोय."

रुमालराव उठले, घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं. "माझं झालं बाई. दुकान उघडायला पाहिजे." दुकान उघडायला अजून बराच वेळ होता. जाताना वाफ्याच्या दंडाला त्यांचा कोट घासला आणि फिक्या कापडावर तेलाचा डाग पडला. त्यांनी बघितलं, आणि काहीच म्हटलं नाही. याचाही वाफ्याला राग आला. माणसानं एवढं चांगलं असू नये.

वाफ्यानं तिच्या पुढच्या ताटातला उरलेला मासा उचलला आणि आत जाताना एका घासात तोंडात टाकला. जीभ करपली. असं तिनं हसत हसत खाल्लं होतं. कुणासाठी खाल्लं होतं, हे त्याला शेगडीपाशी पोचेपर्यंत पुरतं कळलं, आणि करपलेला मासा तव्यावरून खरवडताना त्याला वेटरकडे तोंड करवेना.

संध्याकाळी घरी तिनं ताट वाढलं. तो ते घेऊन सवयीनं शेगडीपाशी गेला, थांबला, परत आला. खोलीत खुर्ची एकच. ती त्यानं तिला दिली आणि स्वतः पालथ्या बादलीवर बसला, तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका. तिनं ती गोल कॉलर काढून उशाशी ठेवली होती. मानेवर उन्हाची रेघ उमटली होती. ती रेघ त्यानं आधी बघितली नव्हती.

"उद्या जाणार?" त्यानं विचारलं.

"जाणार. तेही येणार. बाई सोडणार नाहीत आता."

त्यानं एक घास घेतला. दुखणाऱ्या दाढेकडून दुसऱ्या बाजूला सरकवला. आतून अजून जळत होतंच, ते काय एका दिवसात विझतंय.

"त्यांच्या ताटात उद्यापासून मीठ नाही टाकणार," तो म्हणाला. "लिंबू जास्त घालतो. कळणार नाही त्यांना."

"कळेल."

"कळू दे." दुसरा घास. मग जिभेवर आलेलं त्याला गिळता आलं नाही. "आज काय काय बोलले?"

"कशाला ऐकायचंय?"

"सांग."

"नवीन फ्रेमा आल्यात म्हणाले दुकानात."

"आणि?"

"आणि काही नाही. मग तू आलास कालथा घेऊन." ती वाकून त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. "कुठली दाढ रे? उघड बघू."

वाफ्यानं तोंड उघडलं.