वाळूतलं जॉन्जू

नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये आमच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत ते कोरियन आजोबा मला कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात रोज भेटत. लेकीकडे नातू बघायला आले होते आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले होते. बायको तिकडे जॉन्जू शहरात एकटी होती. ओळख होताच त्यांनी मोडक्या इंग्रजीत माझं वय विचारलं. डच माणूस दुखावला असता; मला मात्र घरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

"सत्तेचाळीस," मी म्हटलं.

"मग तू धाकटा. ऐकायचं काम तुझं."

मी दीड मीटरवर उभा राही आणि ते मुलांच्या खेळायच्या वाळूत काठीने आपलं शहर काढत. कौलारू लाकडी घरांची जुनी वस्ती, हातकागद बनवणारे, भातावर रंगीत भाज्या रचून देणाऱ्या खानावळी. मी लोकसंख्या विचारली, तर म्हणाले, "बाजारात ये आणि मोज." पावसाने शहर पुसलं की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काढत. शहरातून वाहणारा ओढा कायम डावीकडे असे. मी रोज ताडून बघत असे.

एका सकाळी ओढा उजवीकडे आला. मी लगेच चूक दाखवली.

"चूक नाही. रोज मी घरातून स्टेशनकडे निघायचो. आज स्टेशनवरून घरी चाललोय. तिकीट मिळालं, शुक्रवारचं."

"काकूंना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाली, आधी चौदा दिवस वेगळ्या खोलीत."

मग त्यांनी काठीने घराचं दार काढलं, बूट उतरवून बाहेर नीट जोडीने लावले आणि नुसत्या मोज्यांवर आत जाऊन उभे राहिले.